साइडपट्टीच्या आत की बाहेर? : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात या सदरात सायकलच्या देखभालीविषयी लिहिले होते. त्यावर साखळीला कोणते तेल घालावे, ब्रेकचे रबर केव्हा बदलावे, अशी पत्रे येतील असे वाटले होते. आली ती निराळीच. सायकल ठाकठीक आहे, पण ज्या रस्त्याने ती न्यायची तिथे ट्रक आणि मोटारी ताशी ऐंशीच्या वेगाने धावतात, तेव्हा काय करावे, असे बहुतेकांनी विचारले आहे. त्यांतल्या काही पत्रांना येथे उत्तरे देत आहे. उत्तरांत सर्वत्र रस्त्याच्या डाव्या बाजूने चालणारी वाहतूक गृहीत धरली आहे. जिथे ती उजवीकडून चालते तिथल्या वाचकांनी डावे-उजवे बदलून घ्यावे.

प्रश्न : मी शिक्षिका आहे आणि रोज ११ किलोमीटर सायकलने जाते. त्यातला निम्मा रस्ता हमरस्ता आहे. वाहनांना अडथळा होऊ नये म्हणून मी अगदी कडेच्या पांढऱ्या रेषेवरून सायकल चालवते, तरीही ट्रक हाताला लागेल इतक्या जवळून जातात. मी आणखी कडेला सरकावे का?

उत्तर : नाही. उलट आपण थोडे आत यावे. हे उत्तर उरफाटे वाटेल, म्हणून त्यामागचा हिशेब सविस्तर मांडतो. एका लेनची रुंदी साधारण साडेतीन मीटर असते आणि मोठ्या ट्रकची, आरसे सोडून, अडीच मीटर. आपण कितीही कडेला राहिलात तरी हँडल, कोपरे आणि पायडल मारताना सायकलचे होणारे किंचित डुलणे धरले, तर आपण जवळपास एक मीटर जागा व्यापता. अडीच आणि एक मिळून साडेतीन झाले. म्हणजे ट्रकचालकाने आपल्याच लेनमध्ये राहून पुढे जायचे ठरवले, तर दोघांमध्ये शिल्लक राहणारे अंतर शून्य असते. सुरक्षित अंतर सोडायचे असेल तर त्याला शेजारच्या लेनमध्ये जावेच लागते, मग आपण रेषेवर असा किंवा रेषेच्या पाऊण मीटर आत. कडेला चिकटून चालवण्याने त्याची कोणतीही सोय होत नाही. फक्त "बसेल एवढ्यात" असा भ्रम त्याला होतो. हाताला लागेल इतक्या जवळून ट्रक जातात याचे मोठे कारण हा भ्रमच आहे. सायकल थोडी आत असली की हे एवढ्यात बसणार नाही हे मागच्याला लांबूनच कळते, आणि तो एक तर वेग कमी करून थांबतो किंवा समोरचा रस्ता मोकळा पाहून पूर्ण बाजूने जातो.

दुसरे कारण कडेचे स्वतःचे आहे. वाहनांच्या चाकांनी उडवलेली वाळू, खडी, काचा आणि खिळे कडेलाच साचतात. डांबराची कड अनेक ठिकाणी तुटून चार बोटे खाली गेलेली असते. पुढचे चाक त्या कडेवरून खाली उतरले आणि आपण ते तिरपे वर घेऊ पाहिले, की चाक कडेला घासत राहते, वर चढत नाही, आणि सायकल आपल्याला टाकते ती नेमकी रस्त्याच्या आतल्या बाजूला. असे घडले तर खाली मातीत सरळ जात वेग कमी करावा, थांबावे, आणि सायकल उचलून पुन्हा डांबरावर घ्यावी. कडेपासून पाऊण मीटर आत राहिले की एखादा खड्डा चुकवण्यासाठी डावीकडे थोडी जागाही हाताशी राहते. कडेला चालवणाऱ्याला प्रत्येक खड्डा उजवीकडे, म्हणजे वाहनांच्या दिशेने चुकवावा लागतो.

याचा अर्थ साइडपट्टी वापरूच नये असा नाही. ती डांबरी, स्वच्छ आणि दीड मीटर किंवा त्याहून रुंद असेल तर तिच्यासारखी जागा नाही. मात्र ती संपते कुठे याकडे लक्ष असावे. पूल आणि मोऱ्या आल्या की साइडपट्टी नाहीशी होते, आणि तिथे शेवटच्या क्षणी आत शिरणारा सायकलस्वार मागच्या वाहनाच्या दृष्टीने आकाशातून पडल्यासारखा येतो. पन्नासेक मीटर आधीच मागे वळून पाहावे, हात दाखवावा आणि जागा असताना आत यावे. जागा नसेल तर उतरून ट्रक जाऊ द्यावेत. अरुंद पुलावर मात्र एकदा शिरल्यावर लेनच्या मध्यातून चालवावे. तिथे कडेला सरकून कोणाला वाट करून देण्याचा सौजन्यपणा करू नये.

पुढे जाताना किती अंतर सोडावे, याबद्दल अनेक देशांनी आकडे ठरवून दिले आहेत. फ्रान्समध्ये वस्तीत १ मीटर आणि वस्तीबाहेर दीड मीटर असा नियम आहे. जर्मनीने २०२० मध्ये वस्तीत दीड आणि वस्तीबाहेर २ मीटर असे अंतर नियमातच लिहिले. ब्रिटनच्या वाहतूक संहितेत जानेवारी २०२२ पासून ताशी ३० मैलांपर्यंतच्या वेगाला किमान दीड मीटर आणि त्यापुढे अधिक असे सांगितले आहे. हे अंतर मोजायचे ते ट्रकच्या आरशाच्या टोकापासून हँडलच्या टोकापर्यंत, ट्रकच्या चाकापासून सायकलच्या चाकापर्यंत नव्हे. चालकांची गफलत बहुधा इथेच होते.

वेग वाढला की अंतरही वाढले पाहिजे, यामागे वारा आहे. ऐंशीच्या वेगाने ट्रक शेजारून गेला की आधी त्याच्या तोंडापुढची हवा सायकलस्वाराला बाहेर ढकलते आणि लगेच मागून त्याला आत ओढणारी हवा येते. हे सगळे दोन श्वासांत होते. त्यातच उजवीकडून जोराचा वारा वाहत असेल तर आणखी एक गोष्ट घडते, जी अनुभवाशिवाय सहसा लक्षात येत नाही. वाऱ्याला तोंड देण्यासाठी आपण नकळत उजवीकडे कललेले असतो. ट्रक आडवा आला की वारा एकाएकी बंद होतो, आधार काढून घ्यावा तशी सायकल ट्रककडे झुकते, आणि ट्रक गेल्यावर तोच वारा पुन्हा थप्पड मारतो. अशा वेळी कोपरे सैल, हँडलवरची पकड हलकी आणि नजर दूरवर ठेवावी. हँडल घट्ट आवळून धरले तर शरीराला बसणारा प्रत्येक धक्का पुढच्या चाकापर्यंत पोहोचतो.

प्रश्न : मागून येणारे वाहन दिसत नाही म्हणून भीती वाटते. समोरून येणारी वाहने दिसावीत म्हणून उजव्या कडेने, वाहतुकीच्या विरुद्ध दिशेने सायकल चालवली तर?

उत्तर : पायी चालणाऱ्यासाठी हा सल्ला बरोबर आहे, सायकलस्वारासाठी घातक आहे. आपला वेग ताशी २० आणि वाहनाचा ६० असेल, तर एकाच दिशेने जाताना वाहन आपल्याजवळ ताशी ४० च्या वेगाने येते. समोरासमोर असताना ८० च्या. शंभर मीटरवरून दिसलेल्या सायकलस्वाराचे काय करायचे हे ठरवायला चालकाला पहिल्या वेळी नऊ सेकंद मिळतात, दुसऱ्या वेळी साडेचार. मागून येणारा चालक काही क्षण आपल्या मागे रेंगाळू शकतो, समोरून येणाऱ्याला ती सोय नसते. पायी चालणारा निदान दोन पावले बाजूला उडी मारू शकतो. सायकल आडवी सरकत नाही. शिवाय बाजूच्या रस्त्यावरून हमरस्त्याला लागणारा चालक ज्या दिशेने वाहने येतात त्या दिशेला पाहतो. उलट दिशेने येणारी सायकल त्याच्या पाहण्यातच नसते, आणि तो आपल्यावर गाडी घालतो ती डोळे उघडे ठेवून.

मागचे दिसत नाही यावरचा उपाय हँडलच्या टोकाला लावायचा छोटा गोल आरसा आहे. त्यात मागचे वाहन प्रत्यक्षापेक्षा दूर भासते, एवढे लक्षात ठेवावे आणि दिशा बदलण्यापूर्वी मान वळवून पाहणे सोडू नये.

प्रश्न : मी वीस वर्षे मालट्रक चालवतो. सायकलवाला मेला की गुन्हा आमच्यावर आणि लोकांचा मारही आम्हालाच. पण वळताना हे लोक डाव्या बाजूने आत घुसतात, ते आम्हाला दिसतच नाहीत. चूक कोणाची?

उत्तर : आपले पत्र इतर सगळ्या पत्रांपेक्षा मोलाचे वाटले, कारण रस्त्यावरच्या या विषयात सायकलवाले सायकलवाल्यांशी आणि ट्रकवाले ट्रकवाल्यांशीच बोलत राहतात. आपण म्हणता ते खरे आहे का, हे मी एकदा पाहिले होते. उभ्या असलेल्या एका मोठ्या ट्रकच्या केबिनमध्ये चालकाच्या जागी बसलो आणि एका मित्राला सायकल घेऊन डाव्या दारापाशी उभे केले. तो मला दिसत नव्हता. केबिनचा मजला त्याच्या छातीच्या वर होता, दाराची काच त्याहून वर. त्याने हात वर केला तेव्हा काचेच्या खालच्या कडेवर चार बोटे दिसली. तो बंपरच्या पुढे एक पाऊलभर अंतरावर येऊन उभा राहिला तेव्हा तर डोक्यावरचे केसही दिसेनात. मग मी आरसे पाहू लागलो. एका आरशात त्याचे मागचे चाक होते, दुसऱ्यात खांदा, आणि त्या दोन तुकड्यांचा मिळून एक माणूस होतो हे कळायला मला, उभ्या ट्रकमध्ये, काहीही घाई नसताना, क्षणभर थांबावे लागले.

तेव्हा दिसत नाही हे खरे. पण त्याच्या जोडीला दुसरी एक गोष्ट आहे, जी सायकलवाल्यांना कोणी समजावून सांगत नाही. ट्रक वळतो तेव्हा मागची चाके पुढच्या चाकांच्या वाटेने येत नाहीत, आतून कापतात. पुढच्या आणि मागच्या आसात सहा मीटर अंतर असेल आणि पुढचे चाक बारा मीटर त्रिज्येच्या वळणातून जात असेल, तर मागचे चाक त्याच्या दीड मीटरहून जास्त आतून जाते. ट्रेलर असेल तर हा फरक आणखी वाढतो. म्हणून अनुभवी चालक डावीकडे वळण्यापूर्वी ट्रक उजवीकडे घेतो. मागून आलेल्या सायकलस्वाराला त्यातून दोन चुकीचे निरोप मिळतात : ट्रक उजवीकडे चालला आहे, आणि डावीकडे आपल्यासाठी वाट मोकळी झाली आहे. तो त्या फटीत शिरतो, ट्रक वळू लागतो, फट पुढून नव्हे तर मागून मिटत येते, आणि त्याला ते कळेपर्यंत बाहेर पडायची बाजू उरलेली नसते. या अपघातात वेग बहुधा फारच कमी असतो. चालकाला धक्काही जाणवत नाही.

तेव्हा सायकलस्वारांना माझे सांगणे स्पष्ट आहे : चौकात थांबलेल्या किंवा हळू झालेल्या ट्रकच्या डाव्या बाजूने पुढे जाऊ नये, ट्रकचा वळण्याचा दिवा लागलेला असो वा नसो, जागा कितीही दिसो. मागे थांबावे. ट्रक आपल्या शेजारी येऊन थांबला तर त्याच्या बराच पुढे जाऊन उभे राहावे किंवा सायकल फुटपाथवर घ्यावी. आरशात चालकाचा चेहरा दिसत नसेल तर आपण त्याला दिसत नाही हे नक्की धरावे. चेहरा दिसत असला तरी तो आपल्याकडेच पाहत आहे असे धरू नये.

आता आपल्या प्रश्नाकडे. चूक कोणाची, असे आपण विचारता. माझे मत असे आहे की या प्रकारात निम्मी चूक त्या क्षणी रस्त्यावर हजरच नसते. ज्याने केबिन एवढी उंच आणि दार असे आंधळे घडवले त्याला कोणी काही विचारत नाही. हे बदलता येते. लंडनमध्ये २०२१ पासून १२ टनांहून जड ट्रकना चालकाच्या जागेवरून थेट, आरशाविना किती दिसते त्यावर शून्य ते पाच तारे देऊन शहरात येण्याचा परवाना दिला जातो. ऑक्टोबर २०२४ पासून तीन ताऱ्यांपेक्षा कमी असलेल्या ट्रकना सेन्सर आणि कॅमेऱ्यांसारखी जादा साधने बसवल्याशिवाय तो मिळत नाही. युरोपीय संघात जुलै २०२४ पासून विकल्या जाणाऱ्या सर्व नव्या ट्रक आणि बसमध्ये, शेजारी सायकलस्वार असल्याचे चालकाला सांगणारी यंत्रणा सक्तीची आहे. पुढच्या आणि मागच्या चाकांमधली मोकळी जागा झाकणारे आडवे कठडे तर त्याहून जुने आणि कितीतरी स्वस्त आहेत. शेजारी पडलेला माणूस चाकाखाली जाण्याऐवजी बाहेर ढकलला जावा एवढेच त्यांचे काम. आपल्या ट्रकला ते नसतील, किंवा वाकल्यावर मालकाने काढून टाकले असतील, तर ते परत लावून घ्यावेत.

आणि एक गोष्ट आपल्या हातात आहे. ताशी २० च्या वेगाची सायकल तीन सेकंदांत सोळा-सतरा मीटर, म्हणजे जवळजवळ अख्ख्या ट्रेलरची लांबी पार करते. एकदा पाहिलेला डावा आरसा तीन सेकंदांनी शिळा झालेला असतो. दिवा आधी द्यावा, आरसा दोनदा पाहावा, दुसऱ्यांदा चाक फिरवतानाच पाहावा, आणि क्लीनर बरोबर असेल तर वळताना त्याला डावीकडे बघायला सांगावे.

प्रश्न : मुलाने हेल्मेट घेतले आहे. आता काळजी नको ना?

उत्तर : हेल्मेट घातले हे उत्तम केले, काळजी मात्र पूर्ण सोडू नये. युरोपीय मानकानुसार सायकलच्या हेल्मेटची चाचणी घेताना ते डोक्याच्या आकाराच्या साच्यावर बसवून सुमारे दीड मीटर उंचीवरून सपाट ऐरणीवर आपटतात. आदळण्याच्या क्षणी वेग ताशी २० किलोमीटरच्या आसपास असतो. सायकलवरून तोल जाऊन पडले तर डोके साधारण एवढ्याच वेगाने रस्त्यावर आपटते, आणि अशा पडण्यात हेल्मेट डोके वाचवते. ऐंशीच्या वेगाने येणाऱ्या वाहनासाठी ते बनवलेलेच नाही. ते छाती, कंबर आणि पाय झाकत नाही हे तर उघडच आहे. भुवयांच्या वर दोन बोटांपेक्षा जास्त कपाळ उघडे राहू नये, पट्टा हनुवटीखाली एक-दोन बोटे जातील इतका घट्ट असावा, आणि एकदा जोराचा मार बसलेले हेल्मेट बाहेरून धड दिसले तरी टाकून द्यावे, कारण आतला फेस एकदाच चिरडण्यासाठी असतो.

प्रश्न : सायकल चालवताना एका कानात इअरफोन चालेल का?

उत्तर : नको. मागून येणारे वाहन मोटार आहे की ट्रक, आणि त्याने वेग कमी केला की वाढवला, हे वळून न पाहता सांगणारे कानांसारखे दुसरे काही आपल्याकडे नाही.

प्रश्न : रात्रपाळी संपवून घरी येताना मी पोपटी रंगाचे चमकदार जाकीट घालतो. सहकारी म्हणतात, अंधारात त्याचा उपयोग नाही. कोण बरोबर?

उत्तर : सहकारी बरोबर आहेत. चमकदार पोपटी किंवा नारिंगी कापड सूर्यप्रकाशातल्या अतिनील किरणांमुळे झगझगीत दिसते. दिवसा, ढगाळ हवेत आणि तिन्हीसांजेला त्याचा मोठा उपयोग होतो, पण अंधार पडला की ते नुसते कापड उरते. रात्री काम करतात त्या चंदेरी पट्ट्या, कारण त्या हेडलाइटचा प्रकाश जिथून आला तिथेच परत पाठवतात. आणि पट्ट्यांची जागा पाठीपेक्षा पायांवर अधिक फलदायी आहे. पाठीवरची पट्टी स्थिर असते, ती एखाद्या खांबाची किंवा उभ्या गाडीचीही असू शकते. घोट्यावरची पट्टी आणि पायडलचे रिफ्लेक्टर खालीवर होतात, आणि ती हालचाल पाहताच समोर पाय मारणारा माणूस आहे हे चालकाचा मेंदू विचार न करता ओळखतो.

पण रिफ्लेक्टर म्हणजे दिवा नव्हे. त्याला आधी कोणाचा तरी प्रकाश लागावा लागतो. मोटारीचे दिवे डिपरवर असताना रस्ता साधारण ४० ते ६० मीटर उजळतो. ताशी ८० च्या वेगाने मोटार एका सेकंदात २२ मीटर जाते. चालकाच्या लक्षात येऊन पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरले तर ३३ मीटर तिथेच संपले, आणि कोरड्या रस्त्यावर ब्रेक लागून थांबायला आणखी ३५ मीटर लागतात. म्हणजे तो दिसेल तेवढ्यात थांबू शकत नाही. ओल्या रस्त्यावर किंवा भरलेल्या ट्रकचे गणित याहून वाईट असते. मागे लाल आणि पुढे पांढरा, स्वतःचा प्रकाश देणारा दिवा हवाच, आणि मागचे दोन असावेत, म्हणजे एकाची बॅटरी वाटेत गेली तरी दुसरा चालू राहील. लुकलुकणारा दिवा नजर वेधतो, पण त्यावरून अंतराचा अंदाज येत नाही. जर्मनीत सायकलला लुकलुकणारे दिवे लावायला परवानगी नाही. माझ्या मते एक स्थिर आणि एक लुकलुकता ही जोडी जिथे चालते तिथे चांगली. पाठीवरची पिशवी, रेनकोटची मागची बाजू किंवा कॅरिअरवरचा डबा दिव्यावर लोंबकळत नाही ना, हे निघण्यापूर्वी मागे जाऊन पाहावे.

प्रश्न : इतका धोका आहे तर वेगवान रस्त्यांवर सायकलला बंदी का घालत नाहीत? ज्यांना रस्त्याचा कर नाही त्यांनी रस्ता अडवू नये.

उत्तर : कराचा मुद्दा सोडून देतो, पायी चालणाराही तो कर भरत नाही. बंदी मात्र विचार करण्याजोगी आहे. जलदगती महामार्गांवर बहुतेक देशांत ती आहेच, आणि ती योग्य आहे, कारण तिथे शेजारून दुसरा रस्ता असतो. जिथे दुसरा रस्ता नाही तिथे बंदीचा अर्थ, आपण घराबाहेर पडू नका, एवढाच होतो. सायकल वापरणाऱ्यांत मोठा वाटा ज्यांच्याकडे दुसरे वाहन नाही अशांचा असतो. ते बंदी मोडून त्याच रस्त्याने जातील, फक्त आता गुन्हेगार म्हणून.

उलट दिशेने गेलेल्या एका देशाचे उदाहरण पाहा. नेदरलँड्स हा सायकलींचा देश मूळचाच तसा होता असे समजतात. १९७१ मध्ये तिथे रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसे मेली, त्यांत चारशेहून अधिक मुले होती; मोटारी वाढल्या होत्या, रस्ते रुंद झाले होते आणि सायकली हटत चालल्या होत्या. पालकांनी रस्त्यावर येऊन जे आंदोलन केले त्याचे नावच "मुलांची हत्या थांबवा" असे होते. १९७३ च्या तेलटंचाईने त्याला बळ दिले. नंतरच्या दशकांत तिथे एक साधे तत्त्व रुजले : जिथे मोटारी आणि सायकली एकत्र चालणार तिथे मोटारींचा वेग सायकलीच्या जवळ आणायचा, आणि जिथे वेग कमी करता येणार नाही तिथे सायकलला वेगळी वाट द्यायची. स्वीडनच्या संसदेने १९९७ मध्ये याच विचाराची दुसरी बाजू धोरण म्हणून स्वीकारली. माणूस चुकणारच, तेव्हा त्या चुकीला मृत्यूची शिक्षा होणार नाही असा रस्ता बांधणे हे बांधणाऱ्याचे काम आहे.

वेगळी वाट म्हणजे डांबरावर ओढलेला पांढरा पट्टा नव्हे. पट्ट्याने ट्रक थांबत नाही, आणि पार्किंगला जागा नसली की तो पट्टाच पार्किंग होतो. कठडा, झाडांची ओळ, उंचवटा, काहीतरी मध्ये हवे. आणि खरी परीक्षा वाट सरळ असताना होत नाही, चौकात होते. चांगल्या आखणीत सायकलची वाट चौकापाशी हमरस्त्यापासून एका मोटारीच्या लांबीइतकी आत घेतात. त्यामुळे वळणारी मोटार आधी वळून पूर्ण होते, सायकलच्या वाटेला काटकोनात येते, चालकाला सायकलस्वार आरशात नव्हे तर समोरच्या काचेत दिसतो, आणि मागच्या वाहनांना न अडवता तो थांबू शकतो. ज्या देशांनी सायकलच्या वाटा बांधल्या पण चौकात त्या नुसत्या सोडून दिल्या, त्यांनी पैसे बहुतांशी वाया घालवले असे मी म्हणेन.

प्रश्न : माझी मुलगी दहा वर्षांची आहे आणि सायकल उत्तम चालवते. शाळेच्या वाटेत एक चौपदरी हमरस्ता ओलांडावा लागतो. तिला एकटीला पाठवावे का?

उत्तर : त्या रस्त्यासाठी इतक्यात नको, आणि याचा तिच्या सायकल चालवण्याशी संबंध नाही. दूरचे वाहन जवळ येते आहे हे डोळ्याला कळते ते त्याचा आकार वाढताना दिसल्यामुळे. वाहन लांब आणि वेगात असले की आकाराची वाढ सुरुवातीला फार सूक्ष्म असते, आणि ती टिपण्याची क्षमता या वयात पुरती विकसित झालेली नसते. त्यामुळे तिला ऐंशीच्या वेगाची मोटार जवळजवळ थांबल्यासारखी दिसू शकते. मुले वेगाऐवजी अंतरावरून ठरवतात. सायकल हातात धरून सात मीटर रुंदीची एक बाजू ओलांडायला सात सेकंद लागतात, तेवढ्यात ती मोटार दीडशे मीटरहून अधिक अंतर कापते. "अजून लांब आहे" हे तिचे निरीक्षण खरे असते, पण तेवढ्यावरून ओलांडायचे ठरवणे चुकीचे ठरते.

तिच्याबरोबर जाऊन ती जागा पाहावी. रस्त्याच्या मध्ये सायकलसकट उभे राहता येईल इतका रुंद, म्हणजे निदान दोन मीटरचा दुभाजक असेल, तर एका वेळी एकाच बाजूच्या वाहनांकडे पाहावे लागते आणि काम निम्म्याहून सोपे होते. तो नसेल तर सिग्नल किंवा भुयारी मार्ग असलेल्या जागेपर्यंतचा वळसा घ्यावा, भले शाळेला दहा मिनिटे आधी निघावे लागो. ओलांडताना तिने उतरून सायकल ढकलत न्यावी. ती आपल्या उजव्या हाताला नव्हे, डाव्या हाताला चालेल आणि येणाऱ्या वाहनांच्या बाजूला आपण राहाल असे पहिल्या बाजूला करावे. दुभाजकावर पोहोचल्यावर जागा बदलावी, कारण तिथून वाहने दुसरीकडून येतात.